माळावरचं डबकं उकरण्याआधी: पाणीकामांचे निर्णय घेणाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
माळरानावरची डबकी खोल करायची, बुजवायची किंवा त्यांत मासे सोडायचे, हे ज्यांच्या सहीने ठरतं ते सर्व अधिकारी, सदस्य आणि कार्यकर्ते

महोदय, महोदया,
सप्रेम नमस्कार.

आमच्या गायरानात एक डबकं होतं. वीस-बावीस पावलं लांब, भरलं तर गुडघाभर पाणी. तळाला चार बोटं काळा गाळ, त्याखाली मुरूम. मृगाच्या पहिल्या मोठ्या पावसात ते भरायचं, पावसानं ओढ दिली की आटायचं, उत्तरा-हस्तात पुन्हा भरायचं आणि दिवाळीनंतर त्याच्या कोरड्या तळात शेरडं बसायची. उत्तर सोलापूर तालुक्यात असं डबकं नसलेलं गाव मला तरी माहीत नाही. आमच्या गावाचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. एका गावची तक्रार म्हणून हे पत्र फाईलला लागू नये, एवढाच त्यामागचा हेतू.

यंदा मे महिन्यात या डबक्यात यंत्र उतरलं. दोन दिवसांत चार-साडेचार फूट खोदाई झाली, वरची सगळी माती ट्रॉल्यांतून गेली, कडेनं बांध आला. जुलैत त्याच पाण्यात दोन बादल्या गप्पी मासे सोडले. ही कामं करणाऱ्यांच्या मनात खोट नव्हती, हे मी आधीच लिहून ठेवते. पाणी साठू नये असं सोलापुरात कोण म्हणेल? टँकरमागे घागर घेऊन मीही धावले आहे. तो गाळ ज्यांच्या रानात पडला त्यांतली दोन रानं माझ्याच भावकीतली आहेत आणि तिथली तूर यंदा चांगली आहे. तरीही त्या दोन दिवसांत आणि दोन बादल्यांत काय गेलं, हे तुम्हाला कुणीतरी सांगायला हवं. ते पाणी दरवर्षी जवळून पाहणारी गावात मीच होते, म्हणून मी लिहिते आहे.

मी सव्वीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं. पहिला मोठा पाऊस होऊन तिसरा दिवस उजाडला की सातवी-आठवीची मुलं घेऊन डबक्यावर जायचं, हा आमचा नेम. पांढरी बशी पाण्यात बुडवायची, वर काढायची आणि भिंग घेऊन वाकून बसायचं. आधी काहीच दिसत नाही. नुसतं गढूळ पाणी. मग एक धुळीचा कण हलतो. थांबतो, पुन्हा झटका देऊन पुढे जातो. एकदा नजर बसली की बशीभर असे कण दिसायला लागतात. एकच डोळा, अवयवांच्या तीन जोड्या आणि बाकी जवळजवळ काहीच नाही, असं ते पिल्लू. आठ-दहा दिवसांनी पुन्हा बशी बुडवली की तेच कण नखाएवढे झालेले असतात. पाण्यासारखे आरपार, पाय वर करून पाठीवर पोहणारे. पायांच्या अकरा जोड्या एकामागून एक अशा लवलवतात की वाऱ्यात ज्वारीचं पीक हलावं. मादीच्या पोटाशी अंड्यांची पिशवी दिसते. मुलांनी त्यांचं नाव 'उताणे' ठेवलं होतं आणि तेच आमच्यात रूढ झालं. पुस्तकात त्यांना फेअरी श्रिम्प म्हणतात. कोळंबी-खेकड्यांच्या कवचधारी गोतातलेच हे, फक्त यांच्या पाठीवर कवच नाही. त्यांच्याबरोबर कधीकधी ट्रायॉप्सही सापडायचा. पाठीवर ढाल, मागे दोन लांब शेपट्या आणि डोक्यावर तीन डोळे. त्याच्या नावाचा अर्थच तीन डोळे. वीस कोटी वर्षांहून जुन्या खडकांत याच्यासारखेच ठसे सापडले आहेत. असा प्राणी मुलांच्या बशीत यायचा.

यांचं सगळं जगणं एका प्रश्नावर उभं आहे: अंड्यातून बाहेर कधी पडायचं?

मादी अंडी पिशवीतून सोडते ती तळाच्या गाळात पडतात. डबकं आटतं, गाळाला भेगा जातात, चैत्र-वैशाखाचं ऊन त्यावर तापतं. अंड्याच्या जाड कवचाआड गर्भाची वाढ थांबलेली असते. तो तसाच वर्षानुवर्षं जिवंत राहू शकतो. पाऊस पडला की त्याला खुणा मिळतात: क्षार कमी असलेलं ताजं पाणी, उजेड, योग्य ऊब, पाण्यात मुरलेला भरपूर प्राणवायू. या खुणा जुळल्या की एक-दोन दिवसांत पिल्लं बाहेर येतात. पाणी जुनं होऊन त्यातले क्षार वाढू लागले की उरलेली अंडी फुटायची थांबतात.

ही घाई कशासाठी, ते डबक्याच्या काठावर बसलं की कळतं. पहिले दोन-तीन दिवस पाण्यात खाणारं कुणी नसतं. वाळलेल्या शेणातून आणि पाल्यातून जिवाणू-शेवाळ फोफावतं आणि पिल्लांना पोटभर मिळतं. मग उडत उडत पाणकिडे येतात, भुंगेरे येतात, चतुर अंडी घालून जातात. आठव्या दिवशी जन्मलेल्या पिल्लाला आधीच मोठा झालेला ट्रायॉप्स गाठतो. त्याच्या तावडीतून सुटलं तरी पुढे ऊन आहेच: वयात यायला आठ-पंधरा दिवस हवेत आणि उघडीप पडली तर डबकं तेवढे दिवस थांबत नाही. उशीर झाला की दोन्ही बाजूंनी मरण. आणि घाई केली तरी सुटका नाही. एप्रिलमध्ये वळवाची एक जोरदार सर येते, डबकं भरतं, पिल्लं निघतात आणि पाचव्या दिवशी तळ कोरडा. मी हे तीनदा पाहिलं आहे. चिखलावर पांढुरकी पापडी धरते. ती म्हणजे ती पिल्लंच.

मग हे प्राणी टिकले कसे? इथे आपल्या शेतकऱ्याला वेगळं समजावून सांगावं लागत नाही. मृगात पाऊस झाला म्हणून घरातलं सगळं बी एकदम मातीत घातलं आणि जुलैत पावसानं दडी मारली, तर दुबार पेरणीला बियाणं उसनं आणावं लागतं. हे सोलापूरनं किती वेळा भोगलंय! डबक्यातली अंडी एका पावसात सगळी फुटत नाहीत. खुणा जुळल्या तरी काही अंडी तशीच पडून राहतात, पुढच्या पावसाची, पुढच्या वर्षाची वाट पाहत. पहिली पेरणी वाया गेली तरी कणगीत बी शिल्लक असतं. थोडं बी राखून ठेवणं कधी फायद्याचं, याचं गणित डॅन कोहेन या शास्त्रज्ञानं १९६६ साली वाळवंटी रोपांच्या बियांसाठी मांडलं. पुढे अभ्यासकांना डबक्यांतल्या या अंड्यांतही तीच रीत सापडली. बेभरवशाच्या पावसात पीक कसं सांभाळायचं याचं संशोधन सोलापुरात १९३३ पासून चाललंय. आमच्या गायरानातल्या चार बोटं गाळात तीच रीत त्याच्याही कितीतरी आधीपासून जिवंत होती.

ही कणगी तुम्ही ट्रॉलीत भरून नेलीत.

हे मी रागानं लिहीत नाही. सप्टेंबरात मी घरी जे केलं त्यावरून लिहिते आहे. मार्चमध्ये, काही एक ठरवून नव्हे तर सवयीनं, मी डबक्याच्या तळाची माती बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात भरून ठेवली होती. खोदाईनंतर नव्या तळाचीही माती आणली. तीन पराती घेतल्या. पहिलीत जुनी माती आणि पावसाचं पाणी घालून ती पडवीत उजेडात ठेवली. दुसरीत तीच माती, तेच पाणी, पण वर पत्रा झाकून अंधारात. तिसरीत नव्या तळाची माती, उजेडात. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पहिल्या परातीत कण हलायला लागले. झाकलेल्या परातीत तीन दिवसांनी जेमतेम चार-पाच पिल्लं होती. पत्रा काढून ठेवला तर पुढच्या दोन दिवसांत तिथेही गर्दी झाली. तिसऱ्या परातीत दहा दिवस वाट पाहिली. डासाच्या अळ्या आल्या, दुसरं काही नाही. मग पहिली परात पूर्ण वाळवली आणि पुन्हा भिजवली. पहिल्यापेक्षा कमी, पण पुन्हा पिल्लं निघाली. ज्यांना शंका असेल त्यांनी माझ्या पडवीत यावं. डब्यात अजून माती आहे.

फुटण्याची वेळ हा समुद्रातल्या कवचधाऱ्यांनाही जन्ममरणाचा प्रश्न आहे. हिंदी महासागरातल्या ख्रिसमस बेटावरचे लाल खेकडे जंगलातून समुद्राकडे निघतात. वद्य पक्षातल्या ठरावीक दिवसांत, पहाटेच्या आधी, भरती ओहोटीला वळते त्या वेळी माद्या पाण्यात अंडी सोडतात. अंडी पाण्यात पडताच फुटतात आणि ओहोटी पिल्लांना किनाऱ्यावरच्या शत्रूंपासून दूर नेते. एवढं करूनही बहुतेक वर्षी फारच थोडी पिल्लं जमिनीवर परततात. उत्तर अटलांटिकमधल्या थंड पाण्यातल्या कोळंबीबद्दल २००९ साली 'सायन्स' या नियतकालिकात अभ्यास आला होता. वसंतात समुद्रात सूक्ष्म वनस्पतींना बहर येतो, त्याच सुमारास तिथल्या कोळंबीची अंडी फुटतात. पण अंडी किती दिवसांत पिकतील हे तळाच्या पाण्याच्या तापमानावर ठरतं. तापमान हललं तर पिल्लं वेगळ्या दिवशी येणार आणि जेवण वेगळ्या दिवशी. आपल्या भीमा-सीनेच्या काठच्या खेकडीनं ही जोखीम अंगावर घेतलीच नाही. तिच्या पिल्लाचं डिंभाचं, म्हणजे अळीरूपाचं, वय अंड्यातच सरतं, ते छोटा खेकडा होऊनच बाहेर येतं आणि काही दिवस आईच्या पोटाखाली राहतं. उताण्यांना अशी आई नाही. त्यांना फक्त ती माती आहे.

आता तक्रारी.

सगळ्यात मोठी तक्रार वरच्या मातीची. ही अंडी खोलवर नसतात, तळाच्या वरच्या काही सेंटिमीटरच्या थरात असतात. यंत्रानं पहिल्याच फेरीत तोच थर उचलला. जी अंडी शेतात गेली ती नांगराखाली गाडली गेली. तिथे ना उजेड, ना साचलेलं पाणी. एक वर्ष वाईट जाणं वेगळं. इथे पुढच्या सगळ्या वर्षांचं बियाणंच गेलं.

दुसरी तक्रार खोलीची. आता पाणी फेब्रुवारीपर्यंत टिकेल, म्हणून फलकावर आनंद व्यक्त झाला. या जातींतल्या बऱ्याच अंड्यांना फुटण्याआधी एकदा वाळावं लागतं. आणि पाणी जितकं टिकतं तितके त्यात शत्रू टिकतात. आटणं हे त्या डबक्याचं वैगुण्य नव्हतं. आटत होतं म्हणून तर त्यात मासे नव्हते आणि मासे नव्हते म्हणून उताणे होते. त्यांच्याकडे ना विष, ना काटा, ना पळण्याचा वेग. मासे असलेल्या पाण्यात ते राहूच शकत नाहीत.

म्हणून तिसरी तक्रार गप्पींची. हा मासा दक्षिण अमेरिकेतला. डासाची अळी खातो हे खरं, पण अळीएवढं जे जे हलतं ते सगळं खातो. डेंग्यूचा डास आमच्या माळावर वाढत नाही, तो घरात आणि घराभोवती वाढतो: टाकीत, रांजणात, कूलरमध्ये, टायरमध्ये, फुटक्या कुंडीत. हिवतापाचा डास साचलेल्या उघड्या पाण्यात वाढतो, हे मला मान्य आहे आणि वस्तीला लागून असलेल्या पाण्याबद्दल मी हट्ट धरणार नाही. पण आमचं डबकं वस्तीपासून दीड किलोमीटर लांब आहे. त्यात डासाच्या अळ्या खाणारे ट्रायॉप्स होते, पाणभुंगेरे होते. फुकट राबणारे गडी हाकलून आपण बादलीतून परके आणले.

आणखी एक. या डबक्याची नोंद कुठेच नव्हती, म्हणून ते बिनकामाचं ठरलं. देशाच्या पाणथळ जागांच्या नकाशात २.२५ हेक्टरपेक्षा मोठ्या जागांची हद्द आखली जाते, त्याहून लहान असेल तर फार तर एक ठिपका. सर्वोच्च न्यायालयानं २०१७ साली ज्या दोन लाखांवर पाणथळ जागांना संरक्षण द्यायला सांगितलं, त्याही या मापापेक्षा मोठ्या. वीस पावलांचं डबकं त्यात कसं बसणार? कागदावर आमचा माळ 'पडीक' आहे. याच तालुक्यात नान्नजला माळढोकासाठी १९७९ साली अभयारण्य झालं. माळ म्हणजे ओसाड जागा नव्हे हे आपल्या जिल्ह्यानं तेव्हा मान्य केलं होतं. पावसाळ्यानंतर येणारे चिखलपक्षी अशाच डबक्यांत चरतात आणि त्यांच्या पोटातून, पायांच्या चिखलातून ही अंडी एका डबक्यातून दुसऱ्यात जातात. पण पक्षी नेणार ते कुठून? एकामागून एक डबकी संपली तर नेण्यासारखं काही उरत नाही.

उपयोग विचारणाऱ्यांसाठी एवढंच सांगते की कोळंबीच्या बीजोत्पादन केंद्रांत पिल्लांना पहिला घास म्हणून जी आर्टेमिया देतात, ती उताण्यांचीच सख्खी भावंडं. तिची वाळलेली अंडी डबाबंद होऊन जगभर विकली जातात. आमच्या डबक्यातल्यांना कुणी विकत घ्यावं असं मला वाटत नाही. गावातल्या मुलांना ते दरवर्षी दिसावेत, एवढं मला पुरे आहे.

आमच्या मागण्या फार नाहीत.

जैवविविधता कायदा २००२ सालचा आहे. त्याखाली गावोगाव समित्या आहेत, लोक जैवविविधता नोंदवह्या आहेत. येत्या मृगाआधी प्रत्येक गावच्या नोंदवहीत पावसाळ्यात भरून आटणारी डबकी गट क्रमांकासह लिहा. मुलांना आणि मेंढपाळांना विचारा, ती एका दिवसात दाखवतील. जे डबकं नोंदलेलं नाही आणि पाहिलेलं नाही, तिथे यंत्र उतरवायची मंजुरी देऊ नका. पाहायला काही खर्च नाही. एक पांढरी बशी, एक भिंग आणि पाऊस पडून तिसरा दिवस.

जिथे गाळ काढण्यावाचून गत्यंतर नाही, तिथे किमान एक तृतीयांश तळाला हात लावू नका. बाकीच्या भागातली वरची चार बोटं माती वेगळी काढून कडेला ठेवा आणि काम संपल्यावर उथळ बाजूला परत पसरा. खोदाई उन्हाळ्यात होते आणि अंडी उन्हाळ्यातच मातीत असतात, तेव्हा तारीख पुढेमागे करून हा प्रश्न सुटणार नाही.

गप्पी मासे टाक्या, हौद, वापरात नसलेल्या विहिरी अशा बंदिस्त पाण्यापुरते ठेवा. माळावरच्या हंगामी डबक्यांत ते सोडू नयेत, असं लेखी कळवा. तोंडी सूचना बादली उचलणाऱ्यापर्यंत पोहोचत नाही. आणि कॅनॉलचं किंवा बोअरचं पाणी सोडून ही डबकी अवेळी भरू नका.

शेवटची मागणी आमच्या डबक्यापुरती. नव्या बांधाला उत्तरेच्या बाजूनं सांडवा काढून द्या, म्हणजे पाणी पुन्हा गुडघाभरच राहील आणि उन्हाळ्याआधी तळ पूर्ण वाळेल. डबकं आटलं की त्यातले गप्पी आपोआप जातील. बांधाच्या आतल्या बाजूला, ट्रॉली भरताना सांडलेल्या जुन्या मातीचा एक ढीग अजून पडून आहे. तो कुणी उचलू नये, असा आदेश आजच द्या. उन्हाळ्यात तळ वाळला की तो ढीग आम्ही गावकरी हातानं पसरू. माझ्याबरोबर बशी घेऊन बसलेली पोरं आता बापे झाली आहेत. त्यांतल्या चौघांनी फावडं घेऊन यायचं कबूल केलं आहे. डब्यातली उरलेली मातीही मी त्यातच टाकीन, फक्त दोन मुठी मागे ठेवीन.

उत्तर ग्रामसभेत वाचून दाखवता येईल असं लेखी द्यावं आणि मृगाच्या आधी द्यावं, ही विनंती.

आपली,
एक निवृत्त विज्ञान शिक्षिका
तालुका उत्तर सोलापूर